गमरे सरांची भीती

गमरे सरांना माणसांच्या तोंडाचा वास घ्यायची सवय होती. समोर लहान मूल आलं की ते उकिडवे बसत, त्याचं नाव विचारत आणि ते नाव सांगत असताना त्याच्या तोंडाशी नाक नेऊन हळूच श्वास ओढून घेत. मग काही न बोलता उठून जात. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये त्यावरून नाही नाही ते बोललं जाई. कुणी म्हणे, हा माणूस कसलीतरी विद्या करतो. कुणी म्हणे, मुंबईला शिकून शिकून डोक्यावर परिणाम झालाय. आम्ही पोरं त्यांना लांबून पाहिलं तरी पाण्याच्या टाकीमागे लपत असू.

मी त्यांच्या हाती सापडले, कारण मला पळता येत नव्हतं. मी सहावीत होते. दोन महिन्यांत माझी हाडं वर आली होती. तहान भागत नव्हती, आणि पुन्हा पुन्हा मोरीकडे जावं लागत होतं. मोरीत मुंग्यांची रांग लागलेली बघून आईला वाटलं, कुठेतरी गूळ सांडलाय. ती दोन दिवस गूळ शोधत होती. मग कुणीतरी जंत सांगितले, म्हणून वावडिंगाचा काढा सुरू झाला. त्या रविवारी सकाळी मला तोही पोटात ठरेना. मी दारातल्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. श्वास एवढा जोरात चालला होता की जणू कुणी मला पळवत आणलं असावं.

सरांचे थोरले भाऊ आमच्या मागच्या रांगेत राहत. ते वीजकेंद्रात वॉचमन होते. सर स्वतः मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते आणि शनिवार-रविवार भावाकडे येत. ते पायरीशी थांबले, उकिडवे बसले आणि त्यांनी नाव विचारलं. मी 'विमल' म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी वास घेतला. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती कशी दिसते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ओठ पांढरे पडले, आणि एरवी पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस आमच्यासारखं बोलायला लागला.

"हिची आय कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

आई पदर सावरत दारात आली. ते म्हणाले, पोरीला आत्ताच्या आत्ता मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. आई म्हणाली, हे ड्युटीवर आहेत, सांजच्याला येतील, मग विचारून सांगते.

"सांजच्यापर्यंत ही राहनार नाय," सर म्हणाले.

तेवढं बोलून ते वीजकेंद्राच्या फाटकाकडे धावत सुटले. फिटरच्या कामावरून बाबांना आणि साहेबाच्या हातापाया पडून जीप, दोन्ही घेऊन आले. पुढचं मला आठवत नाही. दवाखान्यातला डॉक्टर बाबांना म्हणाला होता, चार तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती. मला मधुमेह होता, तोही लहान मुलांना होणारा; त्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं. मग साखर रक्तात साचत जाते आणि श्वासाला उतरलेल्या केळ्यासारखा वास येऊ लागतो. हे सगळं मला सरांनी नंतर समजावलं.

पंधरा दिवसांनी मी घरी आले ती एक काचेची सिरिंज, तीन सुया आणि इन्सुलिनची बाटली घेऊन. आता रोज टोचायचं कुणी, हा प्रश्न होता. बाबांची पाळी बदलत असे. आईने सुई हातात घेतली आणि तिच्या हाताला असं कापरं भरलं की सुई ताटलीत वाजायला लागली. सर रोज संध्याकाळी येऊन तिला शिकवत. त्यासाठी त्यांनी आठवडाभर रजा टाकली होती. आधी वांग्यात पाणी टोचायला लावलं. वांगी संपली, हात काही थांबेना. तेव्हा त्यांनी शर्टाची बाही वर सारली आणि दंड पुढे केला.

इथे एक गोष्ट लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. सर कळंबजवळच्या एका गावातले. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. आमचं घर भातशेतीवाल्या कुणब्यांचं. आमच्याकडे सरांचा कप वेगळा होता. तो ओट्यावर न ठेवता खिडकीत पालथा घातलेला असे. सरांना ते माहीत होतं. ते त्याच कपातून चहा पीत आणि जाताना स्वतः विसळून पालथा घालत. त्या संध्याकाळी आई त्यांच्या पुढे केलेल्या दंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने डाव्या हाताने तो दंड धरला, कातडीची चिमूट केली आणि सुई टोचली. सर म्हणाले, "भीती वाटली ना? वाटू दे. हात बरोबर चालला." दुसऱ्या दिवशी तो कप खिडकीत नव्हता. कुठे गेला ते आईने कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सरांना सगळे डॉक्टर म्हणत, आणि ते प्रत्येक वेळी खुलासा करत. "डॉक्टर आहे, पण माणसांचा नव्हे, बाटल्यांचा," असं म्हणून तापाचा रोगी सरकारी दवाखान्याकडे वळवत. त्यांची पदवी रसायनशास्त्राची. त्यांचं घाबरणं सगळ्यांना ठाऊक होतं. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायचं, चिठ्ठी पोस्टात टाकली तरी पेटीच्या फटीत डोकावायचं. मी एकदा हसले, तेव्हा म्हणाले, "एकदा मोजलं तर अंदाज, दोनदा मोजलं तर शंका, तीनदा मोजलं की आकडा." त्यांच्या हाताखालून गेलेली कुठलीही गोष्ट तीनदा मोजलेली असे.

माझं बालपण निळ्या पाण्याच्या नळीत गेलं. रोज सकाळी लघवीचे थेंब त्या निळ्या औषधात टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, विटकरी झालं तर सांभाळा. आठवड्याचे रंग पोस्टकार्डावर लिहून मी सरांना पाठवायचे. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असे. त्या बाटलीत किती उरलंय, हे मी दिवसातून कितीदा बघायचे ते सांगता येणार नाही. शाळेत गणित सोडवतानाही डोळ्यांसमोर तीच बाटली. बोटभर उरलं की माझी झोप उडायची.

मी एकदा सरांना विचारलं होतं, माझ्या पोटात नक्की काय मोडलंय. तेव्हा मी बारा वर्षांची असेन. ते म्हणाले, "काही मोडलं नाही. तुझं स्वादुपिंड झोपलंय." मला ते उत्तर फार आवडलं. झोपलेलं कधीतरी उठतं.

मॅट्रिक झाल्यावर सरांनी मला कामाला ठेवून घेतलं. कर्जतला नदीच्या अंगाला त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथे रॉकेलवर चालणारा एक फ्रीज, रक्ताच्या नळ्या हाताने गरगर फिरवायचं एक यंत्र आणि भिंतभर बाटल्या होत्या. काचा धुणं, चिठ्ठ्या चिकटवणं, वहीत आकडे उतरवणं, ही माझी कामं. सोमवार ते शुक्रवार सर मुंबईला असत; किल्ली माझ्याकडे असे.

त्यांचा शोध कशाचा होता, ते मला त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. साखरेचं पाणी शिरेतून दिलं तर शरीर थोडं इन्सुलिन सोडतं. तेवढीच साखर तोंडाने दिली तर कितीतरी जास्त सोडतं. म्हणजे साखर आतड्यातून जाताना आतडं स्वादुपिंडाला काहीतरी निरोप धाडतं. तो निरोप कसला, हे त्यांना शोधायचं होतं. दर रविवारी आसपासच्या गावांतली पाच-सहा माणसं उपाशीपोटी येऊन बसत. एक ओळखीचे डॉक्टर येऊन त्यांचं रक्त काढत, मग आम्ही साखरेचं पाणी पाजायचो, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा रक्त. नळ्या बर्फात घालून सर मुंबईला नेत. कळंबकडचे एक म्हातारे शेतकरी एकदा वैतागून म्हणाले, "रगात काडता आन वर साकर पाजता, बोकड हाय का मी?"

सर म्हणाले, "बाबा, तुमचं आतडं काय बोलतं ते ऐकतोय."

"माजं आतडं भाताबिगर कायबी बोलत नाय," म्हातारबा म्हणाले. त्या दिवशी सर मनापासून हसले होते. असं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

नंतर त्यांनी बोकडाच्या आतड्यावर काम सुरू केलं. कर्जतला येण्यामागे तेही एक कारण होतं. इथे रविवारी सकाळी खाटकाकडून आतडं गरम असतानाच मिळत असे. त्याचा फक्त वरचा वीतभर भाग ते घेत. उभा चिरून आतलं अस्तर खरवडायचं, आम्लात घालायचं, बर्फात ठेवायचं, गाळायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी हाती येई ते गढूळसर पाणी. त्याच्या लहान लहान बाटल्या फ्रीजमध्ये रांगेने ठेवलेल्या असत. संस्थेत त्यांनी ते सशांना देऊन पाहिलं होतं. सशांची साखर उतरली होती. माणसाला देण्याचा विषय निघाला की सर दोन्ही हात वर करत. आणखी दोन वर्षं तरी नाही, म्हणत. "यात काय काय आहे ते मलाच माहीत नाही. मला याची भीती वाटते."

मला मात्र त्या बाटल्यांची भीती वाटत नव्हती. स्वादुपिंडाला जागं करणारं पाणी मी स्वतःच्या हातांनी गाळत होते.

त्याच सुमाराला बाजारात इन्सुलिन मिळेनासं झालं. कर्जतच्या दुकानात नाही, खोपोलीत शिळफाट्यावर नाही. बाबा तीनदा मुंबईला जाऊन रिकाम्या हाताने परतले. मी निम्मं टोचायला लागले, मग पाव. वाळूतली बाटली उचलून उजेडात धरायची आणि परत ठेवायची, एवढंच काम उरलं होतं. सरांनी कुठूनतरी दोन बाटल्या मिळवून आणल्या आणि आम्ही त्यातून निभावलो. पण ते दहा दिवस माझ्या अंगातून गेले नाहीत. पुढच्या वेळी सरांनाही मिळाल्या नाहीत तर काय, हाच विचार. मी वीस वर्षांची होते आणि माझं आयुष्य एका बाटलीच्या तळाशी बोटभर उरलं होतं.

एका सोमवारी मी खोली उघडली, फ्रीजमधली एक लहान बाटली काढली आणि मांडीत टोचून घेतलं. त्या सकाळचं इन्सुलिन घेतलं नव्हतं.

मी हे अविचाराने केलं असं म्हणता येणार नाही. मी वही केली होती. किती टोचलं, किती वाजता, नळीचा रंग कोणता, सगळं सरांच्या पद्धतीने तीनदा बघून लिहीत होते. सोमवारी दुपारी पिवळं, संध्याकाळी विटकरी. टोचलेली जागा सुजून लाल झाली. मी मनाला सांगितलं, एवढ्या वर्षांची झोप आहे, उठायला वेळ लागणारच. मंगळवारी दोन बाटल्या टोचल्या. सकाळी विटकरी, दुपारी विटकरी. घरी आईच्या समोर मी सिरिंज उकळायचे आणि मोरीत जाऊन नुसतं पाणी टोचून यायचे. संध्याकाळी तोंड सुकायला लागलं. ती तहान मला ओळखीची होती. तरी थांबले नाही, कारण थांबले असते तर पाण्याचा उपयोग नाही हे मान्य करावं लागलं असतं.

बुधवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. आई म्हणाली, "काय खाल्लंस गं तू?" मी काही सांगितलं नाही. बाबांनी वीजकेंद्राच्या फोनवरून सरांना मुंबईला ट्रंक कॉल लावला. सर दुपारी पोचले. दारात उभं राहूनच त्यांना वास आला असणार. त्यांनी बरोबर आणलेलं इन्सुलिन टोचलं, आणि पुन्हा तीच जीप, तोच रस्ता. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे मी आणि सर. आई घरी राहिली होती. माझ्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता आणि मी मरणार याची मला खात्री झाली होती. तेव्हा मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. मी कितीदा टोचलं, तेवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आईला नका सांगू." त्यांनी मान डोलावली.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना काही लपवलं नाही. सगळं इंग्रजीत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, चूक माझी आहे, या मुलीला मी खोटं सांगितलं होतं. ते डॉक्टर त्यांना सगळ्यांसमोर फार बोलले. सर मान खाली घालून उभे राहिले. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, माझी तब्येत किती बिघडलीय तेच चाललंय.

चौथ्या दिवशी मी उठून बसले. सर स्टूल ओढून खाटेशी बसले.

"विमल, तुझं स्वादुपिंड झोपलेलं नाही," ते म्हणाले. "त्यातला इन्सुलिन बनवणारा भाग मेलाय. तो उठणार नाही. आतड्याचा निरोप ऐकायला पलीकडे कुणीतरी जिवंत लागतं. मी जे शोधतोय ते दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांना कदाचित उपयोगी पडेल. तुझ्या कामाचं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मी विचारलं, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं का. ते हो म्हणाले. मग त्यांनी मला शेवंताबद्दल सांगितलं. शेवंता त्यांची धाकटी बहीण, नऊ वर्षांची. ती अशीच सुकत गेली. शेवटी तिला बैलगाडीत घालून कर्जतला आणायला निघाले, तेव्हा पंधरा वर्षांच्या सरांच्या मांडीवर तिचं डोकं होतं. तिच्या तोंडाला तोच वास येत होता आणि तो कशाचा, हे गाडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. तिने विचारलं, दादा, मी मरनार काय. सर म्हणाले, नाय गं. कर्जत यायच्या आधीच ती गेली. "तेव्हापासून लहान पोराला खरं सांगायची वेळ आली की माझी जीभ उचलत नाही," ते म्हणाले. "तू लहान होतीस तोवर ठीक होतं. तू मोठी झालीस आणि मी भीत राहिलो."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपले आणि ते उठून जाईपर्यंत वळले नाही.

घरी आल्यावर मी कामावर जायचं बंद केलं. सरांनी त्या रविवारी सगळ्या बाटल्या ओतून दिल्या आणि आतड्याचं काम कायमचं सोडलं, रविवारचं रक्त तपासणं तेवढं चालू ठेवलं, हे मला त्यांच्या भावाकडून कळलं. खोलीत राहिलेली माझी वही त्यांनी पाकिटात घालून परत पाठवली. आतल्या चिठ्ठीत एवढंच होतं: "ही तुझी आहे. यातलं मी काही उतरवून घेतलेलं नाही." दर आठवड्याला त्यांचं एक पोस्टकार्ड येई, रंग कळव म्हणून. मी उत्तर देत नव्हते. तरी कार्डं यायची थांबली नाहीत. चार-पाच महिने गेल्यावर एका रात्री साखर एकदम उतरली, मला घाम फुटून जाग आली, आणि मनात पहिला विचार आला तो हे सरांना लिहायला हवं असा. दुसऱ्या दिवशी मी कार्ड टाकलं. त्यात रंगांशिवाय एक शब्द नव्हता. पुढच्या सोमवारी मी कर्जतच्या खोलीचं कुलूप उघडलं. आत सगळं झाडून ठेवलेलं होतं, आणि फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. पुन्हा तुटवडा पडला तर कर्जत-खालापूरकडच्या कुणाला वणवण करावी लागू नये, म्हणून सरांनी जमवलेल्या.

तिथे बसून मी एकदा ती वही त्यांच्यासमोर ठेवली. मला एव्हाना कळायला लागलं होतं की त्या दोन दिवसांच्या आकड्यांत त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. स्वादुपिंड मेलेल्या माणसात ते पाणी काहीच करत नाही, हे माझ्या विटकरी नळ्या सांगत होत्या. मी म्हटलं, सर, हे छापा, माझी हरकत नाही. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "तू भिऊन टोचलंस. तुला भ्यायला मी लावलं. त्यातून आलेला आकडा मी लिहिणार नाही."

काही वर्षांनी ते एका रविवारी मुंबईहून एक इंग्रजी नियतकालिक घेऊन आले. कर्जतच्या एका हॉटेलात चहा मागवून त्यांनी मला त्यातला एक लेख मराठीत करून सांगितला. परदेशातल्या लोकांनी आतड्यातला तसा पदार्थ शुद्ध करून, राजीखुशीने पुढे आलेल्या रोग्यांना दिला होता. उत्तर माझ्या वहीतलंच होतं. सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता, बोटं मात्र पानाचा कोपरा दुमडत होती.

"माझं छापलं असतं तर तुमचं नाव आधी आलं असतं ना?" मी विचारलं.

"एका माणसावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. मग नियतकालिक मिटून म्हणाले, "पण हो. आधी आलं असतं."

त्यांनी चहा संपवला आणि आम्ही दोघं बर्फात घातलेले त्या दिवशीचे रक्ताचे नमुने बांधायला परत निघालो.

सर गेले तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुंबईत, संस्थेच्या जिन्यात, हृदय बंद पडून. शोकसभा त्यांच्या गावच्या विहारात झाली. बाबा त्याआधीच वारले होते, म्हणून आई आणि मी दोघीच कर्जतहून एसटीने गेलो. आई विहारात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. चप्पल कुठे काढायची हे तिने दारातल्या बाईला विचारलं, आणि त्या बाईने तिचा हात धरून तिला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं; मी मागे बसले. वंदना झाली. मग संस्थेतले एक साहेब बोलायला उभे राहिले. ते चांगल्या मनाने बोलत होते. गमरे प्रामाणिक होते, कष्टाळू होते, म्हणाले. पण स्वभाव भित्रा. एवढा मोठा विषय हाती होता आणि केवळ धाडस नसल्यामुळे तो दुसऱ्यांनी नेला.

माझ्या कानशिलाशी रक्त उसळायला लागलं. साखर उतरतेय असं वाटून मी पिशवीतला गुळाचा खडा चाचपला, पण ते तसलं नव्हतं. माझी बोलायची पाळी नव्हती, कुणी बोलवलंही नव्हतं. मी पुढच्या खांबाला धरून उभी राहिले. आईची पाठ मला दिसत होती, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्या पाठीची वाटत होती.

मी सांगितलं की सरांच्या फ्रीजमधून मी चोरी केली होती. काय चोरलं, का चोरलं, किती टोचलं, घरच्यांना कसं फसवलं, सगळं सांगितलं. त्यातून जे उत्तर आलं ते माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे, सरांना ते मी हातात दिलं होतं आणि त्यांनी ते घेतलं नाही, हेही सांगितलं. मला भाषण येत नाही. मध्येच शब्द सापडेनात, तेव्हा मी आकडेच सांगत गेले. सोमवारी दुपारी पिवळं, संध्याकाळी विटकरी, मंगळवारी विटकरी. शेवटी एवढंच म्हटलं की सर भित्रे होते हे खरं आहे, आणि मी त्यामुळेच जिवंत आहे. संस्थेचे साहेब खाली बघत होते. सरांचे थोरले भाऊ डोळे पुसत होते. आईने मागे वळून पाहिलं नाही.

परतताना एसटीच्या थांब्यापर्यंत ती माझ्या पुढे चालत राहिली. ऊन होतं. थांब्यावर आम्ही दोघीच होतो. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत रस्त्याकडे बघत राहिले. तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला, तसाच पदर स्वतःच्या डोळ्यांना लावला.

"मला ठावं असतं ना त्या पान्याचं," ती म्हणाली, "तर तुज्याआदी मीच चोरलं असतं गं."